पायांनी पिणाऱ्यांचे सुखदुःख

वृक्षाला सुखदुःख असते की नाही, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी केवळ श्रद्धेवर किंवा शब्दप्रामाण्यावर सोपवलेला नाही. झाड उन्हाने कोमेजते, काही झाडांची पाने रात्री मिटतात, खोडाची साल सर्व बाजूंनी सोलली की झाड मरते, तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात; ही डोळ्यांना दिसणारी लक्षणे पुढे ठेवून, त्यांवरून झाडाच्या आत कोणी अनुभव घेणारा आहे असे अनुमान निघते का, याची चर्चा जैन, बौद्ध आणि नैयायिक आचार्यांनी शतकानुशतके केली. प्रतिकूल परिस्थितीत झाडाचे शरीर काय करते, हाच या वादातला मुख्य पुरावा होता. आजचे वनस्पतींचे शरीरक्रियाविज्ञान ज्याला ‘ताण’ म्हणते, म्हणजे पाण्याची ओढ, उष्णता, जखम, मुळांना हवेची उणीव अशी जी स्थिती झाडाचे नेहमीचे व्यवहार मंदावून टाकते, ती या आचार्यांनीही पाहिलेली होती. त्या वेळी पेशींच्या आत काय घडते, हे पाहण्याचे साधन तेवढे त्यांच्याजवळ नव्हते. ते साधन आज हाती असल्यामुळे जुन्या पुराव्यांचे वजन पुन्हा एकदा करून पाहणे शक्य झाले आहे.

त्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील लोहाऱ्याचा परिसर चांगला आहे. यवतमाळ शहराला लागून, दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावाची ओळख आता तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे अधिक आहे. तरी या भागाचा मूळ स्वभाव कोरड्या पानझडी जंगलाचा. खाली दख्खनचा काळा कातळ, त्यावर कुठे पाऊल रुतेल अशी काळी जमीन, तर कुठे वीतभर मुरमाड माती. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे गेला तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. साग, ऐन, धावडा, सालई, मोह, तेंदू, पळस ही इथली झाडे वर्षातले सात-आठ महिने पाण्याच्या ओढीतच काढतात. म्हणून इथे ताण हा अपघात राहत नाही, तो पंचांगातल्या तिथीसारखा ठरलेल्या वेळी येतो, आणि त्याला द्यावयाचे उत्तरही झाडाच्या देहात आधीच ठरलेले असते.

सागाचे एक पान हातात घेतले तरी पुष्कळसे कळते. हातभर लांब, खरखरीत, आणि कोवळे असताना बोटांत चुरडले तर बोटे लाल करणारे हे पान म्हणजे पाणी बाहेर टाकणारा एक विस्तीर्ण पडदाच असतो. पानाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून कर्बवायू आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. वाफ बाहेर गेली की तिच्या मागचे पाणी वर ओढले जाते, आणि ही ओढ खोडाच्या लाकडातील केसासारख्या बारीक जलवाहिन्यांमधून थेट मुळांच्या टोकापर्यंत पोहोचते. भर दुपारी सागाच्या खोडात पाण्याचे हजारो धागे असे ताणलेले असतात. माती कोरडी पडू लागली की हा ताण वाढत जातो आणि एखाद्या वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरून तिथला धागा तुटतो. तुटलेली वाहिनी बहुधा कायमची निकामी होते. असे फार व्हायला नको म्हणून झाड आधीच सावध होते. पाण्याची ओढ जाणवू लागताच अॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक, म्हणजे देहाच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोहोचवणारे द्रव्य, पानात साचू लागते. त्याच्या प्रभावाने रंध्राच्या दोन्ही काठांवरील रक्षक पेशींमधले क्षार आणि पाणी बाहेर पडते, त्या पेशी सैल होतात आणि रंध्र मिटते. पाणी वाचते, परंतु कर्बवायूची वाटही त्याच दाराने असल्यामुळे साखर तयार होणे थांबते, आणि बाष्पाने पान थंड राहत होते तेही थांबते. तहान टाळायची तर उपास पत्करावा लागतो, उपास टाळायचा तर तहानेचा धोका घ्यावा लागतो, अशी ही कोंडी आहे.

साग या कोंडीतून पान टाकून सुटतो. मात्र पान टाकण्याआधी तो त्यातले कामाचे द्रव्य परत घेतो. हरितद्रव्य मोडले जाते, नत्र आणि स्फुरद यांचा मोठा भाग, नत्राचा तर साधारण निम्मा, देठातून फांदीत माघारी नेला जातो, आणि मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर विरघळू लागतो. पान गळते तेव्हा फांदीवर जो व्रण राहतो, तो आधीच बुचासारख्या पेशींनी बंद केलेला असतो. त्या व्रणावर बोट फिरवले तर ओल लागत नाही. ‘झाडाचे पान गळाले’ असे आपण म्हणतो खरे, पण इथे गळणे हे क्रियापद अपुरे पडते. झाडाने पान सोडलेले असते, आणि सोडण्यापूर्वी हिशेब चुकता केलेला असतो. पानझडीनंतर वाफ जायचे दार बंद झाल्यामुळे मुळांना खोलवर मिळणारे थोडे पाणीही खोडात साठत जाते, आणि त्याच साठ्यावर माघ-फाल्गुनात एकही पान नसलेला पळस केशरी फुलांनी भरून जातो, चैत्रात पावसाला दोन-अडीच महिने अवकाश असताना पिंपळाला आणि कडुनिंबाला पालवी फुटते. गुढीपाडव्याला घरोघर जो कडुनिंबाचा कोवळा पाला खाल्ला जातो, तो या कोरड्या हंगामातल्या काटकसरीचाच प्रसाद आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा जो संवाद आहे, त्यात हीच निरीक्षणे पुरावा म्हणून येतात. भरद्वाजाची शंका अशी की वृक्षांना ऐकू येत नाही, दिसत नाही, वास किंवा चव कळत नाही, मग त्यांचे देह पंचमहाभूतांचे कसे म्हणावेत. भृगूचे उत्तर एकेका लक्षणावरून पुढे सरकते: उष्णतेने पान, साल, फूल आणि फळ म्लान होऊन गळते, म्हणून वृक्षाला स्पर्श आहे, वारा, अग्नी आणि वीज यांच्या गर्जनेने फुले-फळे झडतात, म्हणून श्रवण आहे, वेल आधाराला वेढत सर्वत्र जाते, म्हणून दृष्टी आहे, धुपांच्या गंधाने रोगी झाड सुधारते, म्हणून घ्राण आहे, मुळांनी पाणी पिते, रोगी पडते आणि उपचाराने बरे होते, म्हणून रसना आहे. पायांनी पिणारा म्हणून तो ‘पादप’, आणि कमळाच्या देठाने तोंडाने पाणी ओढावे तसे वृक्ष पाणी वर ओढतो, असा दृष्टांत तिथे आलेला आहे. पाणी खालून ढकलले जात नसून वरून ओढले जाते, ही गोष्ट विज्ञानाने १८९४ च्या सुमारास डिक्सन आणि जोली यांच्या सिद्धान्तात मांडली. म्हणून भृगूला आधुनिक वनस्पतिशास्त्र ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह टाळायला हवा, कारण दृष्टांत आणि सिद्धान्त यांच्यामध्ये प्रयोगांचे मोठे अंतर असते. तरीही इतके मान्य करावेच लागते की हा संवाद रचणाऱ्याने झाडाकडे नीट पाहिले होते. झाडाला सुखदुःखाचे ग्रहण आहे आणि तोडल्यावरही ते वाढते, म्हणून त्यात जीव आहे व ते अचेतन नाही, हा त्या संवादाचा निष्कर्ष. मनुस्मृतीने तर वृक्षांना अंतःसंज्ञ, म्हणजे ज्यांची जाणीव आतल्या आत असते असे, म्हणून सुखदुःखयुक्त मानलेच आहे.

छांदोग्य उपनिषदातील उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, जो वृक्ष दाखवतो तो अधिक सूक्ष्म आहे. मोठ्या झाडाच्या मुळाशी, मध्यावर किंवा शेंड्यावर घाव घातला तर रस वाहतो पण झाड जगते. जीवाने एखादी फांदी सोडली तर ती फांदी वाळते, दुसरी सोडली तर दुसरी, सगळ्याच सोडल्या तर सगळे झाड वाळते. लोहाऱ्याच्या रस्त्याकडेला एप्रिलमध्ये जे कडुनिंब दिसतात, त्यांत एखाद्या झाडाची एकच फांदी वाळून करडी झालेली आणि बाजूच्या फांद्यांना पालवी फुटलेली, असे चित्र दुर्मीळ नाही. यामागे जी यंत्रणा आहे ती अशी: फांद्यांच्या टोकांकडच्या जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे आधी शिरतात, त्यांचा पुरवठा आधी तुटतो, आणि मुख्य खोडातला धागा शाबूत राहतो. एक अवयव देऊन उरलेला देह राखला जातो. उद्दालकाला यातून सांगायचे होते ते निराळे, देह मरतो पण जीव मरत नाही हे. तरी जीवाने फांदी सोडली हे त्याचे वर्णन आणि झाडाने फांदी सोडली हे आजचे वर्णन यांत कर्त्याची जागा तेवढी बदललेली आहे. हा बदल लहान वाटला तरी पुढच्या साऱ्या विवेचनाचे मूळ त्यातच आहे.

सालीचा युक्तिवाद हा या वादातला सर्वांत तीक्ष्ण भाग होय. जैन मताने वनस्पती हा एकेंद्रिय जीव, म्हणजे स्पर्श हे एकच इंद्रिय असलेला जीव. आचारांग या पहिल्या अंगग्रंथात माणसाचा देह आणि वनस्पतीचा देह यांची जन्म, वाढ, आहार, कापल्यावर म्लान होणे, अशा मुद्द्यांवर तुलना केलेली आहे. यातून निघालेला एक युक्तिवाद बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी सातव्या शतकाच्या सुमारास ‘न्यायबिंदु’ या ग्रंथात सदोष हेतूचे, म्हणजे अनुमानासाठी पुढे केलेल्या पण न टिकणाऱ्या कारणाचे, उदाहरण म्हणून घेतला. वृक्ष सचेतन आहेत, कारण त्यांची सगळी साल काढली की ते मरतात, असा तो युक्तिवाद. धर्मकीर्तींची हरकत अशी की मरण म्हणजे विज्ञान (इथे अर्थ जाणीव), इंद्रिये आणि आयुष्य यांचा निरोध, असे बौद्ध मानतात. वृक्षांत विज्ञान आहे हेच जिथे सिद्ध व्हायचे आहे, तिथे त्या विज्ञानाचा निरोध झाला हे आधीच गृहीत धरून चालणार नाही. ‘मेले’ हा शब्द दोन्ही पक्ष वापरतात, परंतु दोघांचा अर्थ एक नाही. त्यांचे टीकाकार धर्मोत्तर यांनी झोपेच्या युक्तिवादालाही असेच उत्तर दिले: पाने मिटणे ही झोप म्हणायची तर ती सगळ्याच झाडांत कुठे दिसते? चिंच आणि शिरीष यांच्या पर्णिका रात्री मिटतात, सागाचे पान मिटत नाही.

साल काढल्यावर झाड का मरते, हे आता पायरी-पायरीने सांगता येते, आणि ते सांगितल्यावर धर्मकीर्तींची हरकत अधिक जोरदार होते. पाणी वर जाते ते लाकडातून, आणि पानांनी बनवलेली साखर खाली येते ती सालीच्या आतल्या ओल्या थरातून. त्या थरातील वाहिन्यांना रसवाहिन्या म्हणतात. खोडाभोवती हाताच्या पंजाएवढ्या रुंदीची साल गोल काढली, आणि तिच्याखालचा, खोडाला जाडी देणाऱ्या पेशींचा पातळ थरही खरवडला, तर वरच्या पानांना पाणी मिळत राहते, ती हिरवी राहतात, साखर बनवत राहतात. पण ती साखर वलयाच्या वरच अडते, इतकी की वलयाच्या वरच्या काठाशी खोड फुगून येते. खाली मुळे साठवलेल्या पिष्टावर काही महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, दिवस काढतात. पिष्ट संपले की मुळांची टोके मरतात, पाणी ओढणारे कोणी उरत नाही, आणि मग एखाद्या उन्हाळ्यात सगळे झाड एकदम वाळल्यासारखे दिसते. ब्रह्मदेशच्या जंगलांत साग तोडण्याची जी जुनी रीत होती, तीत सालीबरोबर बाहेरचे रसाळ लाकूडही कापले जाई, त्यामुळे पाण्याचीही वाट बंद होऊन झाड उभ्या उभ्या सुकत असे. ओला साग पाण्यात बुडतो, दोन-तीन वर्षे असा सुकवलेला तरंगतो, आणि मग त्याचे ओंडके नदीतून सोडता येत. दोन्ही प्रकारांत कारणांची साखळी सलग आहे, तिच्यात ‘जीव निघून गेला’ अशी वेगळी कडी घालायला जागा राहत नाही.

परंतु इथे थांबणे हा धर्मकीर्तींच्या बाजूने केलेला पक्षपात होईल. विस्तवाला हात लागताच माणूस तो मागे घेतो, त्याचेही मज्जातंतूंपासून स्नायूंपर्यंतचे वर्णन असेच सलग देता येते, आणि म्हणून कोणी त्या माणसाला वेदना झाली नाही असे म्हणत नाही. यंत्रणा सापडली याचा अर्थ अनुभव नाही असा होत नाही. यंत्रणा सापडल्यावर ‘अनुभव नसता तर हे घडलेच नसते’ हा युक्तिवाद तेवढा निकामी होतो. दहाव्या-अकराव्या शतकातील नैयायिक उदयनाचार्यांनी ‘किरणावली’मध्ये या युक्तिवादाला जो व्यापक आकार दिला, त्याचे महत्त्व इथे कळते. त्यांचे पूर्वसूरी प्रशस्तपाद वृक्षांना देह न मानता माती-दगडांबरोबर पृथ्वीच्या विषयांत, म्हणजे इतरांच्या उपभोगाच्या वस्तूंत, मोजतात. उदयनाचार्य ही मोजणी बदलतात आणि वृक्षदेहात ठरावीक भोक्ता, म्हणजे सुखदुःख भोगणारा, असल्याची कारणे देतात: जगणे-मरणे, झोप-जागृती, रोग आणि औषध, बीजातून आपल्याच जातीची संतती, आणि शेवटी अनुकूलाकडे जाणे व प्रतिकूलापासून दूर होणे. हा शेवटचा हेतू म्हणजेच ताणाला दिलेला प्रतिसाद. मुळे ओलीकडे वळतात, पाने छिद्रे मिटतात, देठाच्या बुडाशी थर विरघळतो.

आधुनिक काळात जगदीशचंद्र बोस यांनी नेमका हाच हेतू प्रयोगशाळेत नेला. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी वनस्पतींचा विद्युत प्रतिसाद दाखवला, आणि पुढे सूक्ष्म वाढ लाखो पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र बनवले. त्यांच्या अनेक निष्कर्षांवर त्या वेळी वाद झाला; झाडांत विद्युत संदेश वाहतात हा मूळ मुद्दा मात्र टिकला. २०१८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपाचे पान अळी कुरतडत असताना कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर वेगाने दूरच्या पानांपर्यंत जाताना चित्रित केली, आणि ती लाट सुरू करणारे द्रव्य प्राण्यांच्या मज्जासंस्थेतही काम करणारे ग्लुटामेट निघाले. २०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की पाणी न मिळालेली किंवा कापलेली टोमॅटो व तंबाखूची रोपे माणसाच्या कानाला न ऐकू येणारे टिचक्यांसारखे आवाज तासाला ३० ते ५० वेळा करतात, तर निरोगी रोप तासाला एखादाच. वर्तमानपत्रांनी याला झाडांचा आक्रोश म्हटले. तो आक्रोश म्हणता येत नाही. पाण्याचा धागा तुटताना आणि वाहिनीत बुडबुडा शिरताना होणारा तो आवाज असावा, असेच सर्वाधिक संभाव्य मानले जाते. तहानेने ओठ फुटावेत तसा तो देहाचा आवाज आहे. हाक मारणाऱ्याची हाक म्हणायची तर हाक मारणारा दाखवावा लागेल.

तो दाखवता येत नाही, असेच प्रस्तुत विवेचनाचे मत आहे. प्राण्याच्या देहात सगळे संदेश जिथे एकत्र येतात, एकाची दुसऱ्याशी तुलना होते आणि वेदना कमी करण्यासाठी प्राणी दुसरे काही सोडायला तयार होतो, असे स्थान असते. झाडात तसे एकही स्थान सापडलेले नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिंकन टेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हाच आक्षेप सविस्तर मांडला. म्हणून उदयनाचार्यांचा हेतू अर्धाच फळतो: अनुकूल काय आणि प्रतिकूल काय हे झाडाच्या बाबतीत खरोखर आहे, दगडाच्या बाबतीत नाही, इतके तो निःसंशय सिद्ध करतो, त्या अनुकूल-प्रतिकूलाची आत कोणाला तरी गोडी किंवा झळ लागते, हे तो सिद्ध करत नाही.

जैन आचार्य कुंदकुंद यांच्या ‘पंचास्तिकाय’ ग्रंथात चेतनेचा एक भेद सांगितला आहे, त्याच्याजवळ हा निष्कर्ष नेऊन ठेवला की तो उजळतो. त्यांच्या मते स्थावर जीवांना, म्हणजे हलू न शकणाऱ्या वृक्षादींना, फक्त कर्मफलचेतना असते: ते पूर्वकर्माचे फळ भोगतात, पण त्यात स्वतःहून काही करण्याची जाणीव त्यांना नसते. करणे आणि भोगणे ही जोडी इथे फोडली आहे, आणि झाडाच्या वाट्याला नुसते भोगणे आले आहे. ताणाचे शरीरक्रियाविज्ञान ही जोडी तशीच फोडते, मात्र उलट बाजूने. झाड करते, हे पदोपदी दिसते. ते भोगते, हे दिसत नाही. न्यायशास्त्राच्या काटेकोर अर्थाने ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न असेल तोच कर्ता, त्यामुळे नैयायिकाला हे कर्तेपण मान्य होणार नाही. पण पाणिनीय व्याकरणात क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता, आणि मराठी माणूस ‘झाडाने जीव धरला’ असे म्हणतो तेव्हा तो हेच व्याकरण बोलत असतो. जगण्याचे काम जे झाड करते ते त्याच्या वतीने दुसरे कोणी करत नाही. त्या कामात अडथळा आणणे ही इजा आहे, आणि ती इजा ठरण्यासाठी झाडाला दुखले पाहिजे अशी अट घालण्याचे कारण नाही. दयेला दुःख लागते. कर्तव्याला दुसऱ्याचे हित पुरते. शिवाय भोक्ता असल्याच्या पुराव्याची वाट पाहत बसणारी अहिंसा झाडाच्या बाबतीत कधीच सुरू होणार नाही.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात समत्वाचे वर्णन करताना ज्ञानेश्वरांनी वृक्षाचा दृष्टांत दिला आहे: घाव घालणारा आणि लावणारा, दोघांनाही तो सारखीच सावली देतो. हा दृष्टांत कीर्तनांतून इतका परिचित झाला आहे की त्याचा अर्थ नकळत ‘झाडाला काही वाटतच नाही’ असा केला जातो, आणि मग समत्व म्हणजे बधिरता असा समज होतो. झाड घावाला उत्तर देते, आणि ते उत्तर फार कसोशीचे असते. अमेरिकेच्या वनसेवेतील अॅलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात हजारो खोडे चिरून दाखवले की झाड जखम भरून काढत नाही, ती बंदिस्त करते: जखमेभोवतीच्या वाहिन्या राळ आणि डिंकासारख्या द्रव्यांनी बुजवल्या जातात, कुजण्याला आडव्या-उभ्या भिंती घातल्या जातात, आणि नवे लाकूड त्या भिंतीच्या बाहेर वाढते. माणसाच्या जखमेचा व्रण कालांतराने पुसट होतो. झाडाचा घाव मात्र ते जगेल तितकी वर्षे जसाच्या तसा आत राहतो, वर नवी वलये चढत जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधक मध्य भारतातील सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अंदाज बांधतात, तोही याच कारणाने शक्य होतो. कोरडे वर्ष अरुंद वलय होऊन लाकडात राहिलेले असते. तेव्हा ज्याला सगळे लागते, ज्याच्या देहात सगळे राहते, ज्याने घावाला आपल्या परीने पूर्ण उत्तर दिलेले असते, असा वृक्ष घाव घालणाऱ्याला सावली देतो. त्याच्या उत्तरात घाव घालणाऱ्याचा हिशेबच नसतो. समत्वाचा हा अर्थ बधिरतेपेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या दृष्टांताला तोच शोभतो.

झाडाच्या हिताचा विचार दुःखाच्या प्रश्नापासून वेगळा केल्याने व्यवहारात काय बदलते, हे पाराकडे पाहिले की समजते. गावोगावच्या पिंपळाचे आणि वडाचे जुने पार दगड-मातीचे असत. दगडांच्या सांध्यांतून पाणी मुरे आणि हवा खेळती राही. आता भक्तिभावाने पार सिमेंटने बांधतात, वर फरशी बसवतात, ती खोडाला अगदी भिडवतात. मुळे जिवंत पेशींची असतात, त्यांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि तो मातीतल्या पोकळ्यांतूनच येतो. फरशीखाली तो हळूहळू कमी होतो, मुळांची टोके मरतात, आणि पाच-सात वर्षांनी शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागल्या की ‘पिंपळ म्हातारा झाला’ असे म्हटले जाते. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळलेले सुती सूत एका पावसाळ्यात कुजून जाते, त्याने काही बिघडत नाही. फलक बांधायला किंवा रोपाला आधार द्यायला आवळलेली तार मात्र खोड जाड होत जाते तशी सालीत रुतते, आणि सालीचे वलय काढण्याचे जे काम कुऱ्हाडीने एका दिवसात झाले असते, तेच दहा वर्षांत सावकाश करते. इथे कोणाच्या मनात हिंसा नसते आणि झाडालाही बहुधा वेदना नसते, तरी इजा पूर्ण असते. गोंड समाजात साजा, म्हणजे ऐन, हे देवाचे झाड मानतात. कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही हे अशा परंपरेत आधीच ठरलेले असते, झाडाला दुखते की नाही हे आधी ठरवावे लागत नाही. रस्ता रुंद करण्याच्या, वीजवाहिनी ओढण्याच्या, कारखान्याचे आवार फरसबंद करण्याच्या कामात हा विचार आराखडा काढतानाच यायला हवा, कारण झाडाला झालेली इजा नजरेस पडेपर्यंत ती भरून काढण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

आणि म्हणूनच धर्मकीर्तींचा प्रश्न, मरण कशाला म्हणायचे, अजून जुना झालेला नाही. सालीचे वलय काढलेला साग पावसाळ्यात पुन्हा पानांवर येऊ शकतो, कारण त्याला पाणी मिळते. त्याची मुळे त्या वेळी शेवटच्या पिष्टावर असतात. पुढे वरचा सगळा भाग वाळतो. पण वलयाच्या खाली, जमिनीलगत, सुप्त कळ्या असतात, आणि मुळांत थोडासा साठा उरला असेल तर त्यांतून धुमारे येतात. तोडलेल्या सागाच्या थुटावर जून-जुलैत येतात तसेच ते असतात, सरळ, कोवळे, पहिलीच पाने हातभर मोठी. त्यांतले एक पान चुरडले तर बोटे तशीच लाल होतात.